दहा फुटांना आठ बोटं

नांदूरघाट, ता. केज
२२ मार्च १९८७

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहिते आहे, कारण बातमी मोठी आहे. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत महिला दूध संस्थेचं संकलन केंद्र सुरू झालं. मी संस्थेची सचिव. खोली सुचवली ती आमच्या अध्यक्ष वत्सलाबाईंनी. त्यांचं म्हणणं, खोली रस्त्याला लागून आहे, समोर हापसा आहे, आणखी काय पाहिजे?

आत्या, गावातल्या बायका दूध घेऊन आपल्या वस्तीत येतील असं तुला कधी वाटलं होतं का? पहिल्या दिवशी अठराजणींपैकी अकराच आल्या. काल अठराही आल्या. सुभद्राबाई सुरुवातीला उंबऱ्याबाहेरूनच भांडं पुढं करायच्या. आता त्या आत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहतात आणि "माझ्या म्हशीला फॅट कमी लावलीस" म्हणून भांडतात. मला त्या भांडणाचा केवढा आनंद होतो म्हणून सांगू!

पाण्याचे हाल तुला माहीतच आहेत. हापसा पहाटे दोन तास चालतो, मग खडखडतो. म्हणून कॅन धुतलेल्या पाण्याचा एक थेंबही मी वाया जाऊ देत नाही. पाझर तलावाच्या कामावरचे आडवे चर तू मला लहानपणी काठीनं धुळीत काढून दाखवायचीस. तसाच चर मी खोलीच्या तिन्ही बाजूंनी, भिंतीला अगदी लागून खणला आहे. अंगणाची माती फावड्यानं ओढून उतारही घराकडे केला. आता सांडलेलं, विसळलेलं सगळं पाणी चरात येऊन जिरतं. चरात कडुनिंबाची सहा रोपं लावली आहेत.

दूध संघाचे पर्यवेक्षक १५ जूनला खोली पाहायला येणार आहेत. खोली कोरडी आणि स्वच्छ असली तर कायमची मंजुरी. नाही तर केंद्र गावातल्या बड्या बागायतदाराच्या, मोहनरावांच्या गोदामात जाईल. गोदाम मोठं आहे, पक्कं आहे. पण वत्सलाबाई म्हणतात, "तिथं गेलं की कॅनला हात त्यांचे गडी लावणार, अन् आपण पुन्हा दाराबाहेर." मला हे केंद्र आपल्याच घरी हवं आहे. आबा बोलून दाखवत नाहीत, पण रोज पहाटे माझ्या आधी उठून खोली झाडतात.

तुझी,
सत्यभामा


कडा, ता. आष्टी
२ एप्रिल

सत्यभामास भिमाबाईचा जयभीम.

(पत्र लिहिणार शहादेव, कारखान्याचा रखवालदार. तुझी आत्या इथं कॉलनीच्या बांधकामावर बारा बायांची मुकादम आहे. ती सांगते तसं लिहितो. माझ्या मनाचं घालायचं नाही, अशी ताकीद आहे.)

पोरी, तुजं पत्र ऐकून छाती भरून आली. आपल्या घरात पहिली बी. ए. तू. आन आता सचिव. सुभद्राबाई उंबऱ्याच्या आत आली, ही गोष्ट मी इथं बायांना तीनदा सांगितली. चौथ्यांदा सांगाय लागले तर म्हणल्या, "भिमाबाई, माल कालवा आता."

तुज्या बापाला, निवृत्तीला म्हणावं, झाडतूस ते ठीक, पण पाणी शिंपून झाड, दुधात धूळ जाती. कडूलिंबाची झाडं लावलीस ते लई चांगलं केलंस.

मी बरी हाय. गुडघा कुरकुर करतो, मीबी करते.

(ती कुरकुर करत नाही, ओरडते. – शहादेव)

तुजी आत्या
भिमाबाई


नांदूरघाट
३ मे

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

आपल्या घराखाली झरा आहे, असं सगळं गाव म्हणतं आहे!

महिन्याभरापूर्वी खोलीच्या भिंतीला खालून ओल दिसू लागली. आधी वीतभर, मग हातभर. भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड येऊ लागली. कोपऱ्यातली शहाबादी फरशी आपोआप उचलली गेली. सगळ्या तालुक्यात विहिरी कोरड्या आणि आपली भिंत ओली! पाहायला माणसं येऊ लागली. गल्लीतले सुंदरराव कुणालाही न विचारता गहिनीनाथ पाणाड्याला घेऊन आले. त्यानं तळहातावर आडवा नारळ ठेवून घराभोवती फेरी घातली. खोलीच्या कोपऱ्याशी, भिंतीपासून तीन हातांवर, नारळ उभा राहिला. "चौदा हातांवर पाणी," तो म्हणाला, "अन् असं तसं न्हाई, मोट चालंल."

मी शिकलेली आहे. नारळावर माझा विश्वास नाही. पण आत्या, भिंत तर खरोखर ओली आहे. ती मी माझ्या हातानं पाहिली आहे.

आबांनी त्याच दिवशी टिकाव घेतला. दोन हात खड्डा झाला आहे आणि तळाशी सकाळी खरंच ओंजळभर पाणी जमतं. विहीर पुरी खणायची तर खोलीची अर्धी भिंत काढावी लागेल. मी म्हटलं, "आबा, पंधरा जूनला साहेब येणार आहेत." ते म्हणाले, "तुजं केंद्र मोहनरावाकडं गेलं तर जाऊ दे. आपल्या दारात हीर आसंल, पोरी. आपल्या. लहानपणी आमी गावच्या हिरीपासनं लांब घागर घिऊन बसायचो, कुणी तरी वरनं वतंल म्हणून. आता ह्या हिरीवर समद्या गावानं यावं. मी कुणाला म्हणून न्हाई म्हणणार न्हाई."

मला केंद्र हवं आहे आणि आबांना विहीर, आणि दोघांची जागा एकच आहे. तू चाळीस वर्षं मातीत काम केलं आहेस. खाली पाणी असेल का?

तुझी,
सत्यभामा


कडा
९ मे

सत्यभामास जयभीम.

पोरी, तुजं पत्र ऐकलं आन मी शहादेवाला म्हणलं, हिचं मागलं पत्र काढ. त्यानं काढलं. वाच म्हणलं. तवा कळलं की ह्या शाण्यानं मागल्या बारीला चराचा मजकूर गाळला हुता!

(मला वाटलं शेतीचं काही आहे. पत्र लांब होतं आणि माझी पाळी संपत आली होती. चूक कबूल. – शहादेव)

आता नीट ऐक. मी तुला चर शिकवले ते माळावरच्या पाण्यासाठी. भिंतीला लागून चर कुणी सांगितला गं तुला? घर काय ज्वारी हाय का, पाणी पाजून उगवायला? उतार घराकडं केलास, सकाळ-संध्याकाळ कॅनचं पाणी वतलंस, आन आता भिंत ओली कावून म्हणून मलाच इचारतीस. खाली काळी माती हाय. ती पाणी पिली की फुगती, फुगली की फरशी उचलती. पांढरी पूड हाय ती लोणा. झऱ्यानं लोणा आणला आसंल, पण ह्यो झरा तुज्या कॅनातला हाय.

खड्ड्यातल्या पाण्याचा वास घे. झऱ्याच्या पाण्याला ताकाचा वास येत न्हाई.

तरी खात्री करायची तर निळीच्या दोन पुड्या कॅनच्या पाण्यात कालव आन संध्याकाळी चरात सोड. उन्हाळ्यात काळी माती भेगाळलेली आसती, पाणी नळातून गेल्यावानी जातं. सकाळी खड्ड्यात बघ. पण हे चोरून करू नगंस. निवृत्तीला सांगून कर. तो खुळा हाय पण माजा भाऊ हाय, त्याला चार माणसांत उघडा पाडायचा न्हाई. हिरीचं त्यानं जे म्हणलं ते मी काम थांबवून समद्या बायांना ऐकवलं.

आन बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराभवती नारळ फिरला, ह्याचं मी आल्यावर बगते.

भिमाबाई

(तिनं खरंच काम थांबवलं. पहिल्यांदाच पाहिलं. – शहादेव)


नांदूरघाट
१७ मे

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

आधी माझी चूक सांगते. तू सांगितलं होतंस की आबांना सांगून कर. मी नाही सांगितलं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ते विहिरीचा काठ केवढा ठेवायचा हे चुन्यानं अंगणात आखत होते. माझा धीर झाला नाही. संध्याकाळी बायका गेल्यावर मी नीळ कालवली आणि चरात सोडली.

सकाळी आबांची हाक आली. "सत्यभामा! लवकर ये!" मी धावले. खड्ड्याच्या तळाशी निळंशार पाणी. आबा गुडघ्यांवर बसलेले. आत्या, त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुधाची वेळ होती. वत्सलाबाई, सुभद्राबाई, सगळ्या जमल्या. सुंदररावही आले. म्हणाले, "निळं पाणी लई खोलावरचं आसतं. गहिनीनाथाला बोलवा."

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. चर मी खणला, उतार मी केला, नीळ मी घातली. हे पाणी आमच्या कॅनचंच आहे. तुझं पत्रही वाचून दाखवलं. "घर काय ज्वारी हाय का" या वाक्याला सुभद्राबाई एवढ्या हसल्या की त्यांच्या हातातलं दूध हिंदकळलं.

आबा हसले नाहीत. ते खड्ड्यात उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. मग वर बघत म्हणाले, "निळं हाय. म्हंजी पाणी आपलंच निघालं की." आणि जे हसू लागले, ते हातातलं पाणी सांडेपर्यंत! बायकांना आधी कळेना हसावं की नाही. मग सगळ्याच हसल्या. सुंदरराव मात्र हळूच निघून गेले.

रात्री जेवताना मी माफी मागितली. आबा म्हणाले, "हिरीचं दुःख न्हाई. तू मला सांगायला भ्यालीस, त्याचं हाय. बापाला भेण्यासाठी कालेजात घातली नव्हती." मग त्यांनीच स्वतःच्या ताटातली चटणी माझ्या ताटात वाढली.

आता खरी गोष्ट. आज सकाळी खोलीच्या कोपऱ्यात भेग दिसली. करंगळी जात नाही, पण चवलीचं नाणं जाईल. चार आठवडे उरले आहेत. तू सांग, आम्ही करतो.

तुझी,
सत्यभामा


कडा
२१ मे

सत्यभामास जयभीम.

भेगंला घाबरू नगंस. पाणी तोडलं की भिंत ओल इसरती, पण जरा येळ लागतो. आजपासनं कॅन भिंतीपाशी धुवायचा न्हाई. सहाही लिंबं मुळाच्या मातीसकट उचलून लांब लाव, संध्याकाळच्या येळी. चर आन खड्डा उघडाच ठिव चार दिवस, उन्हानं सुकू दे. मग मुरूम भर. काळी माती परत घालू नगंस, तीच खरी चोर हाय. मुरूम चार बोटं पसरायचा, पाणी मारायचं, दांड्याच्या जड धुमसानं ठोकायचा, मग वर आणखी चार बोटं. निवृत्तीच्या हातात धुमस दे. हिरीचा राग त्याच्यावर काढू दे.

उतार भिंतीपासनं बाहीर. दहा फुटांना आठ बोटं. कमी न्हाई, लई जास्त बी न्हाई, न्हाईतर मुरूमच वाहून जातो. जोत्याचा वरला दगड उघडा दिसला पाहिजे, त्याच्यावर मुरूम चढवायचा न्हाई.

डोळ्यानं उतार बघू नगंस, डोळा फसतो. मी कामावरची पाण्याची नळी पाठवती. बीडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिली हाय, म्हणला तिथून केजच्या गाडीत देतो. नळीत पाणी भर, बुडबुडा ठिवू नगंस. एक टोक भिंतीला धर, एक टोक दहा फुटांवर खुंटीला. दोन्हीकडं पाणी सारख्या उंचीला उभं ऱ्हातं. तिथनं खाली मोज. पाणी खोटं बोलत न्हाई. पाणाड्या बोलतो.

आन पाणी वाया जातंय म्हणून जीव तुटंल तुजा, मला ठाव हाय. वाया घालवू नगंस. घरापासनं लांब ने आन मग अडव. तिथं गुरांसाठी घास लाव, लिंबं लाव, काय बी लाव.

दाराशी पाय धुवायचा दगड हाय, तोबी दहा फूट सरकव. दिसभर सगळ्यांत जास्त पाणी तिथंच सांडतं.

भिमाबाई

(नळी साहेबांना विचारूनच दिली आहे. मीच विचारलं. – शहादेव)


नांदूरघाट
१६ जून

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

एवढे दिवस पत्र नाही, रागावू नकोस. हाताला मुरूम होता.

नळी सुखरूप आली. कंडक्टर म्हणाला, "ह्या नळीवर सगळी गाडी बसत होती." मुरूम कुठून आणायचा हा प्रश्न होता. वत्सलाबाईंनी ठराव मांडला की प्रत्येकीनं दूध घालायला येताना माळावरचा एक घमेलं मुरूम आणायचा, सकाळी एक, संध्याकाळी एक. हात वर करून ठराव मंजूर! बारा दिवस अठरा बायका डोक्यावर घमेलं आणि हातात दुधाची किटली घेऊन येत होत्या. तू असतीस तर सगळ्यांना ओरडून पुढं केलं असतंस. तुझ्याऐवजी ते काम सुभद्राबाईंनी केलं.

आबांनी धुमस असा चालवला की शेजारच्या घरातली उतरंड हलली. नळीचं एक टोक मी धरायची, दुसरं वत्सलाबाई. "वर! वर! आता खाली! अगं हलू नकोस!" पहिल्या दिवशी पाच बोटं उतार आला. आबा म्हणाले, "चालतंय." मी म्हटलं, "आत्या आठ म्हणाली." ते म्हणाले, "भिमी लहानपणापासनं जास्तच सांगती." आणि पुन्हा मुरूम टाकू लागले.

एकदा मोठं भांडण झालं. उतार रस्त्याकडे काढला तर पाणी रस्त्यापलीकडे, गावाच्या कडेला राहणाऱ्या सुभद्राबाईंच्या दारात जात होतं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं पाणी माज्या दारात नगं!" आत्या, तू जाणतेस हे वाक्य आपण किती ऐकलं आहे. मी हातातली नळी खाली टाकली. तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "माजीबी भिंत काळ्या मातीवर हाय! ती फुगली तर मीबी काय निळीच्या पुड्या कालवत बसू?" मी हसत सुटले. त्यांना कारण कळलं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून उतार बाजूच्या पडीक तुकड्याकडे वळवला. तिथं आता छोटा बांध आहे, सहाही लिंबं आहेत, आणि संस्थेच्या गाईम्हशींसाठी घास लावला आहे. घासावरून पुन्हा भांडण आहे, कारण अठराजणींना वाटतं तो आपल्याच म्हशीसाठी आहे.

एक गोष्ट मात्र आबांनी ऐकली नाही. पाय धुवायचा दगड. "पाव्हण्यानं दहा फुटांवर पाय धुवायचे, आन धुळीतनं चालत घरात यायचं? मग धुवायचेच कशाला?" दगड दाराशीच राहिला.

काल पर्यवेक्षक आले. बीडहून मोटारसायकलवर, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. आबांनी नेहमीप्रमाणे तांब्या पुढं केला. "पाय धुवा साहेब." ते दगडावर उभे राहिले, भिंतीपासून दोन हातांवर, आणि भडाभडा पाणी ओतलं. एक तांब्या. मग दुसरा मागितला. आम्ही सगळ्याजणी खोलीच्या दारात दाटून. वत्सलाबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की अजून वळ आहे. पाणी दगडावरून खाली आलं. थोडं थांबलं. मी मनात म्हटलं, आठ बोटं, आठ बोटं. आणि ते निघालं. भिंतीकडे वळलंसुद्धा नाही. सरळ मुरमावरून, कडेकडेनं, घासापर्यंत. आबा त्याच्या पुढं पुढं चालत गेले, पाहुण्याला वाट दाखवावी तसे.

साहेब पाय तसेच ओले ठेवून बघत राहिले. म्हणाले, "हा उतार कुणी काढला?" वत्सलाबाई म्हणाल्या, "आमच्या संस्थेच्या इंजिनेर बाई कड्याला आसतात."

खोलीत त्यांनी भिंतीला हात लावला. खाली वीतभर अजून दमट आहे, पण पांढरी पूड झाडल्यावर पुन्हा आली नाही. भेगेवर मी कागदाची पट्टी चिकटवली होती, ती फाटलेली नाही, म्हणजे भेग वाढली नाही. त्यांनी वहीत लिहिलं: खोली योग्य. मंजूर.

सुभद्राबाईंनी त्यांना चहा दिला आणि लगेच विचारलं, "साहेब, फॅटचं मशीन बरोबर हाय का बगा जरा."

आत्या, ये ना आता.

तुझी,
सत्यभामा


कडा
२३ जून

सत्यभामास जयभीम.

शहादेवानं पत्र दोनदा वाचलं. ह्या बारीला काही गाळलं न्हाई, मी समोर बसले हुते. "इंजिनेर बाई" तिसऱ्यांदा वाच म्हणलं तर म्हणतो, माझी पाळी संपली.

(पाळी खरंच संपली होती. तरी वाचलं. – शहादेव)

पुढल्या महिन्यात चार दिस सुट्टी घेतली हाय. येते. पण निवृत्तीला सांग, दगड दाराशी आसंल तर मी रस्त्यावरनंच परत फिरंन. एक साहेब आला, दोन तांबे पाणी गेलं, निभावलं. रोज दूध घालणाऱ्या अठरा बाया त्याच दगडावर पाय धुतल्या तर वरीस निघंल का? उतार केला म्हणून भिंतीची परीक्षा रोज घ्यायची नसती.

हिरीचं मनात ठिवू नगं म्हणावं. त्याच्या दारात समदं गाव आलंच की.

भिमाबाई


पोस्टकार्ड
नांदूरघाट
२९ जून

आत्या, जयभीम.

हे आबा सांगतात आणि मी लिहिते आहे. दगड हलवला. दहा फूट, नळी लावून. खोलीतली जी फरशी उचलली गेली होती तिचे तीन तुकडे करून दगडापासून दारापर्यंत मांडले आहेत, म्हणजे धुतलेल्या पायाला धूळ लागणार नाही. हे आधी का सुचलं नाही, असं मी विचारलं तर म्हणतात, आधी भिमीनं धमकी दिली नव्हती.

दगड नव्या जागी बसवल्यापासून ते कुणालाही त्याच्यावर पाय धुऊ देत नाहीत. सुभद्राबाई काल तांब्या घेऊन उभ्या राहिल्या तर म्हणाले, "जरा थांबा. पयलं पाणी माज्या बहिणीच्या पायाचं."

लवकर ये. अठराजणींचे पाय धुळीचे आहेत.

सत्यभामा